दुधी काचेवर सरळ

१

दुपारचे चार वाजले की ताईनं खुर्चीत येऊन बसायचं आणि छोट्यानं काळ्या कापडात डोकं घालायचं, हा त्या घरातला बावीस वर्षांचा शिरस्ता होता.

छोट्या म्हणजे काही लहान पोर नव्हे बरं. छप्पन्न वर्षांचा बाप्या. डोक्यावर चार केस आणि त्यातले तीन पांढरे. गल्लीत त्याला भिंगवाला म्हणत. छोट्या म्हणणारी जगात एकच, ती ही थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ही पंधराची. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनंच शाळेत सोडलं, आणि सोडता सोडता स्वतःचं लग्न राहूनच गेलं. गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. तीन आठवडे छोट्या दवाखान्यातल्या बाकावर बसून होता. ती परत आली, पण त्याला एक खोड लागली. काम करता करता मध्येच हात थांबवायचा आणि शेजारच्या खोलीतून तिच्या चपलांचा आवाज येतोय का ते ऐकायचं. आला की पुढचा स्क्रू.

जुन्या स्टुडिओंमधले मोठे कॅमेरे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. चांगली ट्रंकेएवढी लाकडी पेटी, तिला चामड्याचा घड्याघड्यांचा भाता, पुढे पितळेच्या नळीत भिंग आणि मागे दुधी काच. काळं कापड डोक्यावर ओढून मागून बघितलं, की समोरची खोली त्या काचेवर उतरलेली दिसते. पण उलटी. डोकं खाली, पाय वर. छत काचेच्या तळाशी आणि जमीन माथ्याशी. छोट्याच्या डोळ्यांना त्याची इतकी सवय, की सरळ चित्रच त्याला परकं वाटायचं.

त्याच्या उस्तादानं एक शिकवण दिली होती. भिंग भिंतीवर तपासू नये, माणसावर तपासावं. भिंत सगळ्याच भिंगांशी सारखी वागते, माणूस वागत नाही. म्हणून दुरुस्त झालेला प्रत्येक कॅमेरा ताईवर तपासला जायचा. ती स्वेटर उसवत किंवा विणत बसायची, आणि तोंड चालू.

"बावीस वर्षं मला उलटी बघतोयस," ती म्हणायची. "मग माझं म्हणणं तुला सरळ कळणार कुठून?"

"हलू नकोस."

"हातच हलतायत. जीभ हलते ती दिसते का तुझ्या काचेत?"

"जीभ दिसत नाही, पण ऐकू येते."

२

हा कॅमेरा घेऊन आली ती एक स्टुडिओवाली. वडिलांचा स्टुडिओ तिनं पुढे चालवला होता, पण मोठा कॅमेरा वडील गेल्यापासून माळ्यावर पडला होता.

"काका, पुढच्या महिन्यात आईला पंच्याहत्तर पूर्ण होतात," ती म्हणाली. "तिचा फोटो याच्यावरच काढायचाय. जमेल ना?"

"भाता गेलाय. भिंगात ढग आलाय. बाकी लाकूड दणकट आहे," छोट्या म्हणाला. "तीन आठवडे द्या."

"गुरुवारी येऊ?"

"तीन आठवड्यांनी गुरुवारी या. दुपारी."

भाता दुरुस्त करण्यात दहा दिवस गेले. छोट्या भात्यात दिवा घालून खोली अंधारी करायचा आणि जिथून उजेडाचं टोक बाहेर येईल तिथे आतून चामड्याचा तुकडा चिकटवायचा. अकराव्या दिवशी त्यानं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. भिंग जसं आलं तसंच ठेवलं, कारण आधीचा दोष बघून ठेवल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही ही त्याची रीत.

चार वाजले. ती खोली म्हणजे कधीकाळचं गोदाम, त्यामुळे छत दोन पुरुष उंच. उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून सारखा, थंड उजेड आत यायचा. ताई खुर्चीत बसली. तिनं करड्या लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला.

काचेवर ताई उतरली. उलटी, ठळक, जशी असायला हवी तशी. भोवती धुरकट वलय होतं, तेही ठीक. ढग आलेल्या भिंगाचं ते लक्षणच.

काचेच्या तळाशी, खोलीचं छत जिथे येतं तिथे, आणखी एक ताई होती. अगदी पुसट, श्वासानं काच धुरकटावी तेवढी. आणि ती सरळ होती.

छोट्या हसला. असं होतं. नळीच्या पुढच्या टोकाला दोन काचा एकीवर एक चिकटवून एक भिंग केलेलं असतं. मधला चीक जुना झाला की काचा सुटतात, उजेड दोघींच्या मध्ये आपटतो, परततो आणि दुधी काचेवर खोटी सावली पाडतो. ती सावली सरळ पडते. त्याच्या धंद्यात तिला भूत म्हणतात, आणि पोरंसोरंही तिला भीत नाहीत. पुसट असेल ती खोटी, ठळक असेल ती खरी. पुसट दिसली की पुसायची, एवढंच.

तो कापडातून डोकं काढणार, तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. खुर्चीतल्या ताईचे हात मांडीवर विणत होते. तळातल्या ताईचे हात वर केलेले होते. दोन्ही, कोपरात जरा वाकवून, तळवे उघडे.

"ताई, हात वर केलास का मगाशी?"

"सुया सोडून? वेडा की खुळा?"

३

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंग नळीतून काढलं आणि काचांवरची बुरशी पुसली. नळीला आतून पुन्हा काळा रंग दिला, कारण चकचकीत पितळही असले खेळ करतं. मनाशी म्हणाला, हात वर दिसले म्हणजे वाकडा पडलेला उजेड, दुसरं काय. ढगात हत्ती दिसतो तसं. मनात असेल ते माणूस धुक्यात बघतं.

सकाळभर ताईचा चष्मा सापडत नव्हता. स्वयंपाकघर झालं, पलंगाखाली झालं, तिच्या डोक्यावरही बघून झालं, कारण पूर्वी एकदा तिथे सापडला होता. शेवटी छोट्या स्टुलावर चढून कपाटावरचा खोका काढायला गेला, तर चष्मा खोक्यामागे, भिंतीच्या कडेला, नीट घडी घालून ठेवलेला.

"इथे कसा चढवलास? तुझा तर हात मधल्या खणापर्यंत पोचत नाही."

"मी कशाला चढवू? मी खालीच ठेवला होता," ताई म्हणाली. तिनं चष्मा पदरात पडल्यासारखा घेतला आणि काचा पुसत बसली. जरा वेळानं म्हणाली, "झोपेत चालत असेन. म्हातारपणी नवीन काहीतरी शिकावंच माणसानं."

छोट्या हसला. मग त्यानं स्टूल उचलून आपल्या कामाच्या खोलीत नेऊन ठेवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चार वाजता त्यानं पुन्हा बघितलं. वलय गेलं होतं. भूत मात्र पुसट व्हायच्या ऐवजी उठून आलं होतं. तळाशी उभी असलेली ताई आता ओळखू येत होती. डाव्या गालावरचा तीळ, वेणी, करडा स्वेटर. हात तसेच वर. तोंडही वर, छोट्याकडे. आणि खुर्चीतली ताई किंचित फिकी पडली होती, उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखी.

त्यानं कापडातून डोकं बाहेर काढलं. ताई खुर्चीत बसली होती, ठणठणीत, टाके मोजत.

"सोळा, सतरा. काय झालं? तोंड का असं?"

"काही नाही. काचा सुट्या कराव्या लागणार."

४

त्या आठवड्यात ताईला धरून धरून चालायची सवय लागली. टेबलाची कड, मग खुर्चीची पाठ, मग दाराची चौकट. मधल्या मोकळ्या जागेत ती थबकायची, नदीच्या काठावर माणूस थबकतं तशी, आणि मग पटकन दोन पावलं टाकून पुढचं काहीतरी पकडायची.

"चक्कर येते का?"

"चक्कर नाही रे. पाय ठरत नाहीत. हलकं हलकं वाटतं."

छोट्यानं त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दाब बघितला, छाती ऐकली, कानात दिवा घातला.

"सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा यांचीच नाडी बरी आहे. वजन तेवढं वाढवा. पंधरा दिवसांपूर्वी होतं त्यापेक्षा नऊ किलो कमी आहे."

"काटा नीट आहे ना तुमचा?" ताईनं विचारलं. "पंधरा दिवसांत नऊ किलो उतरायचे तर माझ्या भावाला उतरवा. त्याला गरज आहे."

डॉक्टर हसले. छोट्याला हसू आलं नाही. दवाखान्यातला तो बाक दाराशीच होता आणि जाताना येताना त्याला तो बघावा लागला.

घरी आल्यावर तो हात धूत होता आणि एक विचार डोक्यात आला. काचेवर जे उलटं दिसतं ते बाहेर सरळ असतं. मग काचेवर जे सरळ दिसतं, ते बाहेर...

त्यानं नळ बंद केला. विचारही तिथेच बंद केला. भूत म्हणजे बाहेर काही नसतंच. ते भिंगाच्या पोटातलं असतं. एवढं न कळायला तो काय आज धंद्याला लागला होता?

वरून काहीतरी सरपटत गेल्यासारखा आवाज आला. चपला ओढत कोणी चालावं तसा. त्यांच्यावर मजला नव्हता, गच्चीही नव्हती. नुसतं उतरतं छप्पर. त्यानं कान दिला. शेजारच्या खोलीतून आवाज येत नव्हता.

"ताई?"

"काय रे?" ती दारातच होती, चौकट धरून. चपला पायातच होत्या.

"चालत होतीस?"

"मग काय उडत होते?"

५

बुधवारी संध्याकाळी त्याच्या पुढ्यात दोन वाटा होत्या. भिंग आहे तसं बसवून कॅमेरा देऊन टाकायचा, किंवा काचा सोडवून नव्यानं चिकटवायच्या. दिला असता तर स्टुडिओवालीला भूत कळलंही नसतं. पण अर्धं काम देणं छोट्याच्या रक्तात नव्हतं. शिवाय आता त्याला ते पुसट-ठळक असं उलटं झालेलं बघवत नव्हतं. एकदा भूत काढून टाकलं की ताई काचेवर पुन्हा ठळक होईल. आणि काचेवर ठळक झाली की, असं त्याला वाटायचं, आणि पुढचं वाटणं तो पुरं होऊ देत नव्हता.

गुरुवारी पहाटेच उठून त्यानं भिंग गार पाण्याच्या पातेल्यात ठेवलं, विजेच्या शेगडीवर अगदी मंद आचेवर. या कामात घाई चालत नाही. पाणी हळूहळू तापलं पाहिजे, नाहीतर काच तडकते. चीक मऊ झाला की दोन्ही काचा अंगठ्यानं सरकवून वेगळ्या करायच्या. त्यानं त्या केल्या, पुसल्या आणि मध्ये नव्या चिकाचा एक थेंब टाकला. काचा एकमेकींवर ठेवून गोल गोल फिरवल्या. शेवटचा बुडबुडा कडेला येऊन फुटला. भिंग असं झालं, की हातात आहे की नाही कळू नये.

दुपारी तो खुर्ची पुसत होता तेव्हा ताई भिंतीला हात लावत लावत आली.

"आज शेवटचं ना रे?"

"शेवटचं. चारला मी बघतो, साडेचारला बाई येतील."

"मला खुर्चीला बांधून ठेवतोस का जरा?" ती म्हणाली. आवाज थट्टेचा होता, डोळे थट्टेचे नव्हते.

"काहीतरीच काय."

"बरं, राहू दे." ती बसली आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले. विणकाम तिनं आणलंच नव्हतं; गुंडा कालपासून सापडत नव्हता.

त्यानं कापड डोक्यावर घेतलं.

६

काच लख्ख होती. असं चित्र त्यानं बावीस वर्षांत बघितलं नव्हतं. खिडकीच्या गजांवरचा गंज दिसत होता, खुर्चीच्या वेताचा एक एक पेड दिसत होता. खुर्ची उलटी होती, माथ्याशी, जिथे असायला हवी तिथे.

खुर्ची रिकामी होती.

आणि काचेच्या तळाशी, छतावर, ताई उभी होती. सरळ. ठळक. पायात चपला, वेणी पाठीवर व्यवस्थित. तिचे हात वर होते, आणि आता छोट्याला त्या हातांचा अर्थ कळला. लहानपणी तो झाडावर चढून अडकायचा तेव्हा ती खाली अशीच उभी राहायची. झेलायला.

त्यानं कापडातून डोकं काढलं. नजर खाली ठेवली, जमिनीवर. खुर्चीचे चार पाय दिसले. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय दिसायला हवे होते, ते नव्हते.

"छोट्या," ताईचा आवाज आला. वरून. जिथे आवाज असू नये तिथून. "अरे, तू तिकडे वर काय करतोयस? पडशील."

तो वर बघू शकला नाही. बघितलं तर ते खरं होईल असं वाटलं.

"पडत नाही ताई. दोन मिनिटं थांब. आहेस तिथेच थांब."

"तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. धर काहीतरी. लटकून राहू नकोस असा."

डोकं मात्र लख्ख चाललं. जे केलं ते निस्तरायचं. त्यानं पितळी कडं फिरवून भिंग काढलं आणि पातेल्यात गार पाणी घेतलं. आच अगदी मंद ठेवली. घाई केली तर काच तडकेल, आणि काच तडकली तर परतीची वाटच नाही. माणसाला कुठून तरी बहीण उतरवून घ्यायची आहे आणि तो पाणी तापायची वाट बघत उभा आहे. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

"ताई, बोलत राहा."

"काय बोलू? मान दुखली वर बघून. तू जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं. सकाळपासून शेगडीवर भिंगच आहे."

पाण्यावर पहिली वाफ आली. त्याच्या माथ्यावर, दोन पुरुष उंचीवर, चपला सरकल्या. त्याच्या नेमक्या वर येऊन थांबल्या.

"हात सुटला तर घाबरू नकोस," ती म्हणाली. "मी खाली आहे."

त्यानं अंगठा लावला. चीक ताजा होता, लवकर सुटला. काचा वेगळ्या झाल्या. त्यानं त्या पुसल्या नाहीत, उलट त्यांच्यावर बोटांचे ठसे उमटवले, फुंकर घालून धुरकट केल्या आणि मध्ये काही न घालता तशाच एकीवर एक ठेवून नळीत कोंबल्या. आयुष्यात कधी कुणाचं काम बिघडवलं नव्हतं त्यानं. आज जीव लावून बिघडवलं.

कापड. काच. धुकं. धुक्यात माथ्याशी खुर्ची. तळ रिकामा.

खुर्चीत कोणीतरी होतं. उलटं. ठळक होत चाललेलं.

तो काचेला नाक लावून थांबला. तीळ दिसला, करडा स्वेटर दिसला, तरी थांबला. मग कापड फेकून दिलं.

७

ताई खुर्चीत होती. खरीखुरी, सगळी. छोट्या धावला, तिच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. ऊबदार हात, बोटाला सुईचा जुना घट्टा.

"आलीस," तो म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

ताईनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं एका हातानं खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता, की वेत करकरत होता. दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना आतून अडकवलेले. ती वर बघत होती, छताकडे, विहिरीच्या काठावरून आत डोकावावं तशी.

"मी कुठे आले?" ती हळूच म्हणाली. "तू होतास ना वर, तुला उतरवायचं सोडून मीही चढले. आता दोघंही अडकलो."

"ताई, ही जमीन आहे. बघ, मी बसलोय."

"खाली बघू नकोस. चक्कर येईल तुला."

माणसाला बघू नकोस म्हटलं की बघतंच. छोट्यानं वर बघितलं. छत होतं. मधोमध लोखंडी तुळई, कडेला पोपडे, एका कोपऱ्यात कोळिष्टक. रोजचंच. पण कोळिष्टकाजवळ लोकरीचा करडा गुंडा पडला होता. लटकलेला नव्हता, पडलेला होता. आणि तो बघत असतानाच गुंडा थोडा घरंगळला, तुळईला टेकला आणि थांबला.

गुडघ्यांखालची जमीन त्याला एकदम पातळ वाटली, त्याला जेमतेम धरून ठेवणाऱ्या फळीसारखी. आणि समोर, खाली, दोन पुरुष खोल, ते छत.

त्यानं डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं खुर्ची धरली. ताईचा हात त्याच्या मुठीत होता, आणि तो हात ओढ घेत होता. जोरानं नाही. लहान मूल ओढतं तेवढ्यानं. वर.

"सोडू नकोस हं," ताई म्हणाली.

"नाही सोडत."

"मीही नाही सोडत. घाबरू नकोस."

दारावरची घंटी वाजली.

"काका?" बाहेरून स्टुडिओवालीचा आवाज आला. "काका, आहात ना? आईला घेऊन आलेय बरोबर. म्हटलं तिलाही बघू दे."

"ये म्हण तिला," ताई कुजबुजली. "कोणीतरी शिडी आणू दे."

दाराला आतून कडी होती. घंटी पुन्हा वाजली. छोट्यानं डोळे किलकिले केले आणि दाराकडे बघितलं. नऊ पावलं होती, आणि मध्ये धरायला काहीच नव्हतं.